दिवाळीचा चुना

दिवाळीपूर्वी घराला रंग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळी अंकात हे लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मला कळते. ज्यांच्या घरी आत्ता कपाटे खोलीच्या मधोमध ओढलेली आहेत, पलंगावर जुन्या चादरी पसरल्या आहेत आणि रंगारी 'अजून एक हात मारावा लागेल' म्हणत चहाची वाट पाहत बसला आहे, ते वाचक हा अंक माझ्या दिशेने भिरकावतील. भिरकावोत बापडे! पण कपाट हललेच आहे, तर त्याच्यामागच्या भिंतीवर एकदा तळहात टेकवून पाहा. भिंत गार लागली, दमट लागली, बोटांना पांढरी भुकटी चिकटली, तर रंगाऱ्याला चहा जरूर पाजा आणि घरी पाठवून द्या.

कारण अगदी साधे आहे. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. विटांच्या भिंती हे पाणी चार महिने पीत असतात. पाऊस इथून परततो तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दिवाळी कधी त्याच्या मागोमाग दहा-पंधरा दिवसांत येते, कधी महिनाभराने. चार महिने प्यालेले पाणी तेवढ्यात कुठून सुकणार? अशा भिंतीवर आपण पुट्टी भरतो आणि वर प्लॅस्टिकच्या रंगाचे दोन हात देतो. रंग म्हणजे पातळ रबरी कातडेच. आतल्या पाण्याला बाहेर यायची वाट उरत नाही. ते आतच फिरते, भिंतीतला खार विरघळवते, खार पृष्ठभागावर येऊन रंगाला आतून ढकलतो, आणि होळीच्या सुमारास आपल्या गुलाबी भिंतीला पोपडे सुटतात. मग आपण म्हणतो, रंग बनावट निघाला!

इथे कोणीतरी हात वर करणार. वर्गात एक विद्यार्थी असा असतोच. "मास्तर, आपले आजोबा-पणजोबा काय मूर्ख होते? तेही दिवाळीलाच घर सारवीत, चुना काढीत." प्रश्न उत्तम आहे. आजोबा मूर्ख नव्हते, आपण त्यांचे अर्धेच ऐकले. आजोबांच्या भिंती मातीच्या, नाहीतर चुन्यात बांधलेल्या होत्या आणि वर जो हात फिरे तो चुन्याचा असे. चुना भिंतीचे तोंड बांधत नाही. आतली वाफ त्यातून बाहेर निघून जाते. शिवाय चुन्यात बुरशी धरत नाही, किडामुंगीही दूर राहते. पावसाळ्यानंतर दमट घर निर्मळ करण्याचा याहून स्वस्त आणि शहाणा उपाय त्या काळी नव्हता. तो सणाचा थाट नव्हता, ते औषध होते. आपण औषध फेकून दिले आणि बाटलीवरच्या रंगीत कागदाची पूजा चालू ठेवली.

आणि आजोबांचे दुसरे अर्धे तर आपण साफ विसरलो. त्यांच्या घराला वर्षाला दोन वेळा हात लागत असे. एकदा आश्विनात आणि त्याआधी एकदा वैशाखात. वैशाखातले काम शाकारणीचे. माणूस छपरावर चढे, कौले उतरवून झाडी, फुटकी बदली, कुजलेला वासा नवा घाली, पन्हळीतला पाला काढी, झडीच्या बाजूला झावळ्यांचे कूड बांधी. हे सारे मृगाच्या आत व्हायलाच हवे असे. त्यात कौतुक नव्हते, फराळ नव्हता, पाहुणे येऊन 'वा, काय छान कौल बसवलंय' असे म्हणत नसत. पाठीला उन्हाचे चटके आणि नखांत धूळ, एवढीच त्या कामाची बक्षिसी. पण घर उभे राही ते या कामावर. आपण दोहोंपैकी कोणते काम ठेवले आणि कोणते टाकले? जे पाहुण्यांना दिसते ते ठेवले. जे फक्त पावसाला दिसते ते टाकले.

माझा सगळा वाद एवढाच आहे. हल्ली घराचे 'काम काढले' असे कोणी म्हणाले की मी विचारतो, राखण्याचे की मिरविण्याचे? उत्तर बहुधा मिळत नाही, एखादे छायाचित्र मात्र दाखविले जाते.

मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. पण गणित शिकवितो, आणि या विषयात पाचवी-सहावीच्या गणिताने भागते. हल्ली एक रिवाज पडला आहे: जुनी फरशी उखडण्याची कटकट नको म्हणून तिच्याच डोक्यावर नवी बसवायची. आता हिशेब पाहा. संगमरवराची पाऊण इंच जाडीची फरशी चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरते. तिच्याखाली दोन इंच माल म्हणजे आणखी १०० किलो. एकूण १५०. दहा फूट बाय बारा फुटांची खोली सुमारे ११ चौरस मीटरची. म्हणजे एका खोलीत आपण दीड टनाहून अधिक वजन आणून ठेवले, आणि ते रात्री उठून घरी जाणारे नाही, कायमचे मुक्कामाला आले आहे. राहत्या खोलीत माणसे, पलंग, कपाटे यांच्यासाठी इंजिनियर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. त्यातला तीन-चतुर्थांश आपण दगडालाच देऊन टाकला. उरलेल्या पन्नासांत गृहस्थाने संसार करावा! चार मजल्यांच्या इमारतीत प्रत्येकाने एकमेकांना न सांगता हाच पराक्रम केला, तर तळमजल्याच्या खांबाने कोणाकडे दाद मागावी?

खांबाचे नाव निघाले ते बरे झाले. बाकीच्या मूर्खपणाने पैसा जातो, या मूर्खपणाने माणसे जातात. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली 'सिद्धिसाई' ही चार मजली इमारत खाली बसली. १७ माणसे गेली. तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते आणि तिथे फेरबदलाचे काम चालले होते. त्या कामात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. जुलै २००७ मध्ये बोरिवलीची 'लक्ष्मीछाया' कोसळली तेव्हाही बोट तळमजल्यावरच्या दुकानाच्या नूतनीकरणाकडेच गेले. आणि २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ती तर महापालिकेचीच, वर महापालिकेचेच कर्मचारी राहत. ६१ बळी. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरबदलांचा प्रश्न निघाला. ते गोदाम होते मंडप-सजावटवाल्याचे. कादंबरीत मी असा योग जुळवून आणला असता तर संपादकांनी 'फारच ओढून आणले' म्हणून तो परिच्छेद कापला असता.

'माझे घर, माझी मर्जी' हे वाक्य आपल्याकडे स्वातंत्र्याच्या घोषणेसारखे उच्चारले जाते. सहनिवासात ते खोटे आहे. आपल्या चार भिंतींतून जाणारा खांब आपला नसतो. तो वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीचा असतो, तिच्याही वरच्या पेन्शनरांचा असतो. तो आपल्या खोलीत येऊन मधे उभा राहतो आणि सोफ्याची शोभा घालवतो, हा त्याचा दोष नव्हे. तुळईचेही तेच. तिच्यातून वातानुकूलनाची नळी न्यायची म्हणून भोक पाडणारा कारागीर आणि 'पाड रे, काही होत नाही' म्हणणारा मालक या दोघांना माझ्या वर्गात मी दिवसभर बाकावर उभे केले असते.

बरे, परवानगी नावाची गोष्ट अस्तित्वात आहे. भिंती हलवायच्या, बांधकामात फेरफार करायचा, तर महापालिकेला आधी कळवावे लागते. संस्थेला तर कळवावेच लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीने आपल्या मजबुतीचा दाखला नोंदणीकृत इंजिनियरकडून घ्यावा, असे महापालिकेच्या कायद्यात आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर त्याआधीपासूनच सांगितले आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा तपासणी करावी. हे सारे छापलेले आहे. छापील पुस्तिका सेक्रेटरींच्या कपाटात आहे. आणि कपाटामागच्या भिंतीला ओल आहे.

पैशाचे रडगाणे आता ऐकू. दुरुस्तीला पैसा नाही म्हणतात. त्याच उपविधींत बांधकामाच्या खर्चावर दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड जमवावा असे आहे. दोन्ही मिळून एक टक्का. ज्या घराचे बांधकाम दहा लाखांचे, त्याने वर्षाला दहा हजार द्यायचे. महिन्याला आठशे तेहतीस रुपये, दिवसाला सत्तावीस. स्टेशनबाहेरच्या दोन चहांचा हिशेब! आणि एवढ्यासाठी वार्षिक सभेत जी भाषणे होतात ती ऐकावीत. ही सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते, म्हणजे पावसाच्या अगदी शेवटाला, गच्ची गळत असतानाच. तरीही मोटारी कुणी कुठे लावाव्यात यावर दोन तास आणि गच्चीवर पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांतही पहिल्या मजल्याचे सभासद म्हणतात, "गच्ची गळते ती तुमच्या डोक्यावर, आम्ही का द्यावे?" त्यांना कोणीतरी विचारावे की पाया तुमच्या पायांखाली आहे, मग वरच्यांनी त्याचे पैसे का द्यावेत? गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाचा आणि बाहेरून जाणाऱ्या सामाईक नळांचा खर्च संस्थेचा. आपल्या मोरीच्या, संडासाच्या, बेसिनच्या गळतीचा खर्च ज्याचा त्याचा. हा नियम इतका सरळ आहे की तो न पाळण्यासाठी बरीच बुद्धी खर्च करावी लागते. ती केली जाते. वरचे म्हणतात आमच्याकडे सगळे कोरडे आहे, खालचे छताखाली बादली लावून बसतात, आणि दोघांच्या मधला स्लॅब मुकाट्याने सडत राहतो.

स्लॅब सडतो म्हणजे काय होते, हे गृहिणींनाही माहीत असावे, कारण गिलाव्याचा पहिला तुकडा बहुधा स्वयंपाकघरातच पडतो. काँक्रीटच्या पोटात लोखंडाच्या सळ्या असतात. सिमेंटच्या क्षारगुणामुळे त्यांना गंज चढत नाही, पण पाणी आणि मीठ तिथवर पोचले की ते कवच तुटते. लोखंड गंजले की फुगते. गंज मूळच्या लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग तांबूस डाग, मग एके दिवशी दणकन पापुद्रा खाली. या टप्प्याला आपण गवंडी बोलावतो. तो सिमेंटचा माल थापून छत गुळगुळीत करून देतो, त्यावर रंग, आणि दिवाळी साजरी. क्षयाच्या रोग्याला पावडर लावून लग्नाला उभे करावे तसे हे आहे. खरे काम असे की सुटे काँक्रीट पार सळईच्या मागेपर्यंत फोडायचे, सळई घासून स्वच्छ करायची, फार झिजली असेल तर जोडीला नवी द्यायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग चांगल्या मालाने भरायचे. आणि त्याही आधी पाणी कोठून येते ते शोधून बंद करायचे. हे काम महाग आहे, धुळीचे आहे आणि झाल्यावर दिसत नाही. म्हणूनच ते होत नाही.

आम्हा खारदांड्याच्या लोकांना तर हे कोणी शिकवायलाच नको होते. गावाच्या नावातच खार आहे. समुद्रावरचा वारा बाराही महिने मीठ घेऊन गल्लीत शिरतो. खिडकीची जाळी दोन पावसाळ्यांत चाळणी होते, सायकलची साखळी आठवड्यात तांबडी. ज्या वाऱ्याने बोंबील सुकतात तोच वारा सळया खातो. आणि गंमत अशी की हे ज्ञान आमच्या कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त ते होडीपुरते आहे. पावसाळी बंदीत होडी किनाऱ्यावर ओढतात, तळ खरवडतात, लाकडी असेल तर फटीत कापूस ठोकून तेलपाणी करतात, फायबरची असेल तर चीर तासून नवा थर देतात. हे सगळे झाल्यावर मग नाळेवर रंग, नाव, झेंडा आणि नारळी पौर्णिमा. आधी तळ, मग रंग! होडीच्या बाबतीत हा क्रम चुकलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या गल्लीतल्या एका वयस्क नाखव्यांना मी विचारले, "दादा, घराच्या बाबतीत हे का नाही?" ते हसून म्हणाले, "मास्तर, होडीला भोक पडलं तर मी बुडतो. घराला भोक पडलं तर भाडेकरू भिजतो."

या एका वाक्यात मुंबईच्या घरांचा अर्धा इतिहास आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूला छप्पर मिळाले, पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक कशाला दुरुस्ती करतो? मालकाने हात झटकले, भाडेकरू म्हणाला घर माझे नाही, आणि घर दोघांच्या मधे पडले. पुढे १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर घेऊन दुरुस्ती करू लागले, पण ते शहर बेटापुरते. माहीम-शीवच्या अलीकडच्या आम्हा उपनगरवाल्यांना ते मंडळ नाही. १९९९ च्या कायद्यातही मालकाने घर राखावे, न राखल्यास भाडेकरूने नोटीस देऊन दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोय आहे. तिला मर्यादा आहे, आणि भाडेच जिथे दोन आकडी तिथे वळते करून काय होणार? मालक आणि सरकार यांना दोष द्यायचा तेवढा मी देतो. पण ज्यांचे घर स्वतःच्या मालकीचे आहे, ज्यांच्यावर कोणाचेही नियंत्रण नाही, त्यांची घरे तरी कुठे कोरडी आहेत?

त्यांचे उत्तर तयार असते: "आता खर्च कशाला? रीडेव्हलपमेंट होणारच आहे." हा आमच्या काळचा सर्वांत घातक मंत्र आहे. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, मग सी-२ए, सी-२बी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे सी-१ मिळावे म्हणून सभासद देव पाण्यात घालून बसतात, जणू तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्याचा दाखला आहे! घर लवकर मोडावे म्हणून नळ गळता ठेवायचा, चीर तशीच ठेवायची. बिल्डर येईल, मोठे घर देईल. येतो कधी कधी. देतोही. पण कधी करार अडतो, कधी बिल्डरचा पैसा संपतो, आणि माणसे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या घरात भाड्याने काढतात, किंवा त्याच चिरलेल्या छताखाली झोपतात. पाच वर्षांनी येणाऱ्या नव्या घराच्या आशेवर आज रात्रीचे छप्पर सोडून देणाऱ्याला धोरणी कसे म्हणावे?

आमच्या कोळीवाड्याचा प्रश्न आणखी अवघड आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. कुटुंब वाढते, जमीन वाढत नाही. मुलाचे लग्न ठरले की वर एक खोली चढते, मासळीचे उत्पन्न घटले की भाड्यासाठी आणखी एक. खाली भिंत आजोबांच्या काळची, एका मजल्याच्या हिशेबाने घातलेली. रीतसर परवानगीची वाट लांबलचक, म्हणून मजला घाईघाईने चढतो आणि इंजिनियरला कोणी विचारत नाही. विचारले तर तो 'नाही' म्हणेल ही भीती. इथे सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, निधी नाही, वार्षिक सभा नाही. सरकारने गावठाण-कोळीवाड्यांसाठी वेगळे, सुटसुटीत नियम करावेत ही मागणी रास्तच आहे आणि मी तिच्या बाजूने उभा आहे. पण नियम येईपर्यंत मीठ थांबत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. रंगासाठी काढलेले पैसे या दिवाळीला खर्चू नका. कंदील लावा, पणत्या लावा, दारात रांगोळी काढा, भिंत आहे तशी राहू द्या. पणतीच्या उजेडात पोपडे फारसे दिसत नाहीत. मार्गशीर्ष-पौषात गळती शोधा, गच्चीचा कोबा, मोरीचे सांधे, खिडक्यांच्या कडा तपासा. तुळईतली प्रत्येक चीर पेन्सिलीने दोन्ही टोकांना खूण करून तारीख घालून ठेवा, म्हणजे ती वाढते की नाही ते कळेल. जी वाढते तिच्यासाठी गवंडी नव्हे, इंजिनियर बोलवा. दुरुस्ती माघ-फाल्गुनात उरका. पैसे उरले तर चैत्रात, भिंती खडखडीत वाळलेल्या असताना, हवा तो रंग द्या.

आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून एका इंजिनियरला बोलवायचे ठरविले आहे. फी चौघांत वाटून घ्यायची, दिवस कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. पाचव्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे, म्हणून त्यांनाही विचारले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांच्याकडे सध्या रंगारी आहे.